ढोलवालीच्या भुवया

ऐका ना! आधी सगळ्या गप्प बसा, मग सांगते. तसाबीहच्या सुभियाचा तो व्हिडिओ तुम्ही सगळ्यांनी बघितला ना, तो अगदी शेवटचा तुकडा आहे. खरी गंमत त्याच्या आधी झाली, आणि ती कुणीच शूट केली नाही. कसं करणार? आम्ही तेव्हा इतक्या वाईट हरत होतो की फोन बाहेर काढायची कुणाला इच्छाच नव्हती!

तर सुरुवात झाली सित्तना खालाच्या हातापासून. कैरोत फैसलपासून अर्द अल-लिवापर्यंत सुदानी माणसाच्या घरी लग्न म्हटलं की दलूका, आपला मातीचा ढोल, वाजवायला सित्तना खालाच. ती मांडीखाली दलूका दाबून बसली, पहिली थाप मारली, की ज्यांचे गुडघे दुखतायत त्या बायकासुद्धा उठून उभ्या राहतात. आणि ही बाई आमच्या तसाबीहचं लग्न तोंडावर आलेलं असताना स्वतःच्याच बाथरूममध्ये साबणाच्या पाण्यावरून घसरली. उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये!

आमच्या घरात रडारड. तसाबीह, म्हणजे माझी मोठी बहीण, ती तर उशीत तोंड खुपसून बसली. तेवढ्यात नवऱ्यामुलाच्या, म्हणजे मुज्तबाच्या, मावशीचा फोन. अवादिया खाला. तिचा आवाज असा की फोन स्पीकरवर टाकायची गरजच नाही.

"अगं, त्यात काय एवढं? आमच्या मुज्तबाचा मित्र आहे, त्याच्याकडे हा एवढा मोठा स्पीकर आहे. सगळी गाणी भरलेली आहेत. बटण दाबलं की झालं."

अम्मा म्हणाली, "पण नाच..."

"नाचाचं काय घेऊन बसलीस! कैरोत वाढलेल्या पोरी, त्यांना नाच कुठला यायला? चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे, फोटो काढा, जेवा आणि घरी जा."

कैरोत वाढलेल्या पोरी! झालं. तसाबीहने उशीतून डोकं वर काढलं. नाक लाल, डोळे लाल. म्हणाली, "अम्मा, त्यांना सांग. दलूका नाही तर नाच नाही. आणि नाच नाही तर मी त्या स्टेजवर बाहुलीसारखी बसणार नाही."

आता तुमच्यातल्या दोघी जेद्दात वाढल्या आणि एक दोहात, म्हणून सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सुभिया असते. बायकांचा मेळा, आणि मधोमध नवरी नाचते. तिच्यासमोर नवरा उभा. दलूका वाजतेय, बायका गातायत, नवरी कबुतरासारखी छाती पुढे, मान मागे, डोळे अर्धे मिटलेले. आणि मधेच, कुणाला काही कळायच्या आत, ती स्वतःला खाली सोडून देते. धाडकन! नवऱ्याने तिला वरच्या वर झेलायचं. झेललं, तर नाच पुढे सुरू. नाही झेललं आणि नवरी चटईला टेकली, की नवरीकडच्या सगळ्या बायका छप्पर उडेल अशा ओरडतात, "गून!" म्हणजे गोल. हो, फुटबॉलमधलाच गोल. आणि मग ते गोल जन्मभर मोजले जातात. आमच्या अम्माने बाबांवर किती गोल केले होते ते मला माहीत नाही, कारण तो आकडा दरवर्षी वाढतो. बाबांचं एकच, "जमीन ओली होती." सुदानात, ओम्दुरमानमध्ये, भर उन्हाळ्यात, म्हणे जमीन ओली होती!

पण हे सगळं चालतं कशावर? दलूकावर. नवरी आणि दलूकावाली आतून एकमेकींना सामील असतात. दलूकावाली ठेका मधेच तोडते आणि त्याच क्षणी नवरी पडते. नवरा बिचारा ठेक्यात गुंग झालेला असतो, तो फसतो. स्पीकरला काय कळणार? स्पीकर नवरीकडे बघतो का? तसाबीह हेच म्हणत होती.

संध्याकाळी आम्ही सित्तना खालाकडे गेलो. ती पलंगावर बसलेली, प्लास्टर उशीवर, डाव्या हाताने आल्याची कॉफी ढोसतेय. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग ही वाजवेल की."

मी मागे वळून बघितलं.

"मागे कुणाला बघतेस? तुझ्यामागे भिंत आहे. तू, सुलाफा, तू!"

"मी? खाला, मी तर फक्त शेजारी बसून टाळ्या वाजवते!"

"टाळ्या नाही, छोटा ढोल वाजवतेस. आणि मी पाणी प्यायला उठले की माझ्या दलूकावर हात मारतेस ते मला काय ऐकू येत नाही? पाणी प्यायला मी मुद्दाम उशीर लावते."

माझे कान तापले. तसाबीहने माझं मनगट घट्ट धरलं, सोडेचना. मग सित्तना खाला जरा गंभीर झाली. म्हणाली, "हे बघ. सुदानमधून निघून आल्यावर तुझ्या अम्माच्या ओळखीतल्या किती बायकांनी खरी सुभिया बघितलीय? घरं गेली, अंगणं गेली, हे एवढंच बरोबर आणलंय. यावेळी स्पीकर आला ना, की पुढच्या लग्नात कुणी दलूका विचारणारसुद्धा नाही. माझा हात बरा होऊन काय उपयोग? तेव्हा वाजव. आणि एक तरी गोल कर. एकही गोल झाला नाही तर ती अवादिया म्हणेल, बघा, मी सांगितलं होतं."

झालं! रात्रीची झोप उडाली. दिवसा तसाबीहबरोबर तालीम. आमची दलूका कैरोचीच आहे, फुस्तातच्या कुंभाराकडून करून घेतलेली. त्याचीही गंमत. बाबांनी त्याला सांगितलं, मातीचं भांडं हवं, खाली उघडं. तो बिचारा भला माणूस, त्याला वाटलं आमची चूक होतेय, त्याने खाली छान बूड घालून दिलं. वर पैसेही नाही घेतले बुडाचे! "तुमच्या भांड्याला भोक होतं, मी बुजवलं." मग परत सगळं समजावून सांगितलं, तेव्हा हसून हसून त्याचं पोट दुखलं, आणि वर बकरीचं कातडं आमच्या बाबांनी स्वतः ओढून बांधलं.

तर आमचं ठरलं. तसाबीहला पडायचं असेल तेव्हा ती खालचा ओठ दाताखाली धरणार. मी ते बघितलं की ठेका तोडणार. आणि ठेका तुटला की ती पडणार. घरी गादी टाकून आम्ही एवढं केलं, एवढं केलं, की खालच्या मजल्यावरचे इजिप्शियन काका वर आले. "बेटा, तुमच्याकडे कपाट पडतंय का सारखं?"

सुभियाचा दिवस. फैसलमधलाच तो छोटा हॉल, खिडक्यांतून ऊन येतंय, लाल चटया अंथरलेल्या, धुपाचा वास. आणि बायका! मुहंदिसीन, हेल्वान, सहा ऑक्टोबर सिटी, कुठून कुठून आलेल्या. सगळ्यांनी अंगाभोवती गुंडाळलेले तोब असे रंगीत की डोळे दिपावेत. मी सकाळपासून दोनदा दलूका गॅसवर धरून तापवून आणली, कातडं कसं टणटण बोलायला लागलं होतं. माझी बोटं मात्र गार. सित्तना खाला माझ्या शेजारी, प्लास्टरवर पण मेंदी काढून घेतलेली तिने! आणि समोर, अगदी पहिल्या रांगेत, अवादिया खाला. निळा तोब, हातात जपमाळ, आणि कोपऱ्यात तिच्या भाच्याच्या मित्राने तो स्पीकर आणून ठेवलेला. "असू दे बाजूला," म्हणाली, "लागला तर लागला."

मग तसाबीह आली. लाल रेशमी चादरीखाली, हातांनी तोंड झाकून. मुज्तबाने चादर उचलली आणि अगं, माझीच बहीण, रोज माझ्याशी टॉवेलवरून भांडणारी, मला ओळखूच येईना! केसांच्या बारीक बारीक वेण्या, त्यात सोनं, पायांना काळी मेंदी. बायकांनी जिभा फिरवून किलकाऱ्या ठोकल्या आणि मी दलूका मांडीखाली ओढली.

सित्तना खाला पुटपुटली, "मार."

मी मारली. पहिली थाप जरा हलकी पडली, दुसरी बरी, आणि तिसरीला, काय सांगू, हात माझा राहिलाच नाही. बायका गायला लागल्या. तसाबीहने मान मागे टाकली. बरोब्बर! एकदम कबूतर! मागून कुणीतरी रडवेल्या आवाजात ओरडलं, "या अल्लाह, हे तर घरच्यासारखं आहे!"

तसाबीहने ओठ दाबला. मी ठेका तोडला. ती पडली.

मुज्तबाने झेलली.

सोपं झेललं, अगदी सहज, जशी रिक्षातून पिशवी उतरवून घेतात. मुज्तबाकडच्या बायकांनी टाळ्या पिटल्या. मी म्हटलं असू दे, पहिला होता. दुसरं गाणं. ओठ, ठेका, धाडकन. झेलली. तिसरं गाणं. झेलली. एकदा तर तसाबीह अजून पडायचीच होती आणि याचे हात आधीच खाली!

अवादिया खालाने जपमाळ बाजूला ठेवली. "शून्य!" ती मोठ्याने म्हणाली. "अगं कुणीतरी फळ्यावर लिहा, शून्य!"

तिच्या बाजूच्या बायका खिदळल्या. आमच्या अम्माचं तोंड इतकुसं झालं. सित्तना खाला नुसती मेंदीचं प्लास्टर खाजवत बसली. मला कळेचना! हा मुज्तबा, दाताचा डॉक्टर होतोय, बिचाऱ्याला धड टाळी पण ठेक्यात वाजवता येत नाही. याला कसं कळतंय?

पुढचं गाणं सुरू झालं. तेवढ्यात एका जाड्या बाईने नाचता नाचता माझ्यासमोर तोब पसरला आणि मला तसाबीह दिसेनाशी झाली. मी मान काढून बघायला गेले, तर पलीकडे दिसला मुज्तबा. आणि तो कुणाकडे बघत होता? तसाबीहकडे? छे! थेट माझ्याकडे! माझ्या तोंडाकडे! तोब बाजूला झाला तशी त्याने पटकन नजर फिरवली.

आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझ्या भुवया! तुम्हाला माहितीय ना माझं, पत्ते खेळताना तुम्ही मला कायम पकडता, चांगलं पान आलं की माझ्या भुवया वर जातात. तेच! ठेका तोडायच्या आधी मी भुवया उडवत होते आणि हा समोरून वाचत होता. पण हे त्याला सुचणं शक्य नाही. मी अवादिया खालाकडे बघितलं. ती माझ्याकडे बघून हसत होती. गालातल्या गालात. तिनेच शिकवलं होतं! नवरीकडे बघू नकोस, दलूकावालीचं तोंड बघ. हे कुणाला सुचेल? जिने स्वतः दलूका वाजवलीय तिलाच!

असा राग आला, असा राग आला, आणि खरं सांगू, जरा मजाही वाटली.

गाणं संपलं. बायका पाणी पीत होत्या. मी उठले, दलूका उचलली, आणि वळून बसले. सगळ्यांकडे पाठ. तोंड भिंतीकडे.

हॉलमध्ये कुजबुज. "रुसली वाटतं." "अगं, थकली असेल." अवादिया खालाचा आवाज, "हे काय गं पोरी? दलूका भिंतीला ऐकवणार का?"

मी न वळता म्हटलं, "खाला, भिंत बरीय. भिंत चुगली करत नाही."

मग सित्तना खाला अशी हसली, अशी हसली, तिचं प्लास्टर माझ्या पाठीवर आपटलं. "समजलं हिला! अवादिया, समजलं हिला!"

पण आता मला तसाबीहचा ओठ कसा दिसणार? नाहीच दिसणार. मी डोळे मिटले आणि वाजवायला लागले. तर काय झालं माहितीय? चटईतून तिचे पाय कळायला लागले मला. टाच टेकली की मांडीखाली बारीकशी थरथर. एवढे दिवस मी तिचं तोंड बघत होते आणि पाय ऐकतच नव्हते! मी ठेका सरळ ठेवला. तोडायचा नाही, काही नाही, सरळ. गाणं लांबत चाललं, बायका दमायला आल्या, मी सरळ. तसाबीहला काय सुचेल ते सुचू दे म्हटलं. माझी बहीण आहे ती, एका खोलीत वाढलोय.

आणि मग चटईतली थरथर एकदम थांबली. धप्प!

"गूऽऽऽन!"

अगं, तो आवाज! मला वाटलं खिडक्या फुटल्या. मी वळून बघते तर तसाबीह चटईवर आडवी, हसून हसून लोळतेय, आणि मुज्तबा तिच्या शेजारी हात पसरून उभा, बस चुकल्यासारखा! अम्मा दोन्ही हात वर करून नाचतेय, आमची अम्मा, जी लग्नात पाहुण्यांना नुसती बिस्किटं वाटत फिरते ती!

"परत भिंतीकडे," सित्तना खाला म्हणाली. "थांबू नकोस, गरम आहे तोवर मार."

पुढच्या गाण्यात मी काय केलं ऐका. सरळ वाजवत गेले आणि मधेच, उगाच, जोरात ठेका तोडला. मुज्तबा झेपावला. दोन्ही हात पुढे, गुडघे वाकवून, पूर्ण जीव तोडून. आणि तसाबीह? उभीच! जागच्या जागी, मान मागे, डोळे अर्धे मिटून, जणू काही झालंच नाही! त्याने हवेला मिठी मारली! सगळा हॉल, दोन्हीकडच्या बायका, नुसता गडगडाट. बिचारा लाजून सरळ व्हायला लागला, आणि तो अर्धा वाकलेला असतानाच ती पडली.

"गूऽऽऽन!"

आता मला कोण थांबवणार? माझ्या घशात आपोआप ओळ आली. मी सगळ्यांकडे तोंड केलं आणि गाण्याच्या चालीवर सोडली,

"कैरोत वाढली पोर, तिला नाच कुठला यायला,
अहो नवरदेव दमले तिला झेलायला, झेलायला!"

बायकांनी ती अशी उचलली की दुसऱ्या वेळेला मला गावीच लागली नाही. "झेलायला, झेलायला!" आणि सगळ्या बघतायत अवादिया खालाकडे.

ती उठली. म्हटलं गेली, आता रागावून जाणार, दोन घरांत कायमचं वितुष्ट, आणि अम्मा मला जिवंत ठेवत नाही. अवादिया खाला सरळ माझ्यासमोर आली. तोबचा पदर खांद्यावर नीट घेतला. आणि उजवा हात वर केला. डोक्याच्या वर. आणि चुटकी वाजवायला लागली, माझ्या ठेक्यावर, माझ्यासमोर! तुम्हाला माहितीय ना त्याचा अर्थ? असा हात मान द्यायला नवरीसमोर करतात, मोठ्या माणसासमोर करतात. दलूकावालीसमोर केलेला मी सित्तना खालाच्या बाबतीतच बघितलाय, तोही एखाद्याच वेळी.

"वाजव," ती म्हणाली. डोळे भरलेले, पण आवाज तोच, खणखणीत. "आणि ते कैरोबिरो पुरे झालं. माझं नाव घाल त्यात."

"खाला, तुमचं नाव?"

"नाव म्हणजे मोहल्ला गं, शहाणे! बेत अल-मालची अवादिया. अंगणात कडुनिंब होता, त्याखाली मी तुझ्याएवढी असताना अशीच बसायचे. घाल."

मी घातलं. बेत अल-मालची अवादिया, कडुनिंबाच्या सावलीतली. साधीच ओळ, पण बायकांनी ती दोनदा म्हटली, आणि तिसऱ्यांदा म्हणायच्या आधीच मागून आवाज आला, "अबू रोफ! अबू रोफ घाल!" मग दुसरी, "आणि शंबात कुणी घालायचं?" "मदनी! अगं मदनीला विसरू नकोस!" "सिंजा!" जी ती आपलं सोडून आलेलं गाव सांगायला लागली. एक म्हातारी, भिंतीला टेकून बसलेली, सकाळपासून एक शब्द बोलली नव्हती, ती काठी आपटून म्हणाली, "अल-फाशर."

मी म्हटलं, "बायांनो, रांगेने! एकच तोंड आहे मला!"

"तोंड एक आहे पण भुवया दोन आहेत ना!" मुज्तबा ओरडला, आणि त्या गडबडीत तसाबीह परत पडली, आणि त्याने परत नाही झेलली, कारण तो माझी चेष्टा करत होता. गून!

सित्तना खालाने डाव्या हाताने छोटा ढोल ओढला. वाकडातिकडा वाजत होता, पण वाजत होता. अवादिया खाला तिच्या शेजारी खाली बसली, तिच्या हातातून तो काढून घेतला, आणि अगं, काय हात होता बाईचा! माझ्या ठेक्याच्या मधल्या मोकळ्या जागेत बरोब्बर बसवत होती एकेक थाप. "कुठे लपवला होतास हा हात इतकी वर्षं?" सित्तना खालाने विचारलं. ती म्हणाली, "कुणी बोलावलंच नाही. कैरोत सगळ्या तुझंच नाव घेतात."

मग मी गात गेले. अबू रोफ, शंबात, मदनी, सिंजा. अल-फाशर म्हटलं तेव्हा ती म्हातारी उठली. काठी सुनेच्या हातात दिली आणि मधोमध आली, तसाबीहच्या शेजारी. मान मागे टाकली. सगळ्या बायकांनी रिंगण मोठं केलं, तिला जागा दिली. मी ठेका हळू केला, तिच्या पायांना ऐकत, ती टाच टेकवेल तेव्हाच थाप. आणि कोपऱ्यातून कुणीतरी अजून एका गावाचं नाव ओरडलं, मला ते नीट ऐकू आलं नाही, मी परत विचारलं, आणि तिने ते आधीपेक्षा दुप्पट मोठ्याने सांगितलं.